पहिली तलवार ‘शिवकालीन’ नको

जुन्या वस्तूंच्या नादाला लागलेला पुण्यातला पोरगा पहिली तलवार घ्यायला जातो, तेव्हा विक्रेत्याला हमखास एकच प्रश्न विचारतो : “शिवकालीन आहे का?” या प्रश्नाला कुठल्या विक्रेत्यानं ‘नाही’ म्हटल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

म्हणेल कशाला? उत्तर आपणच त्याच्या तोंडात घातलेलं असतं. मग नव्या लोखंडावर आम्ल लावून गंज चढवला जातो, पात्यावर देवनागरी अक्षरं कोरली जातात आणि ‘एका मावळ्याच्या घरातून आली’ ही गोष्ट फुकटात मिळते. पैसे खरं तर त्या गोष्टीचेच असतात. फसवणारा दोषी आहेच, पण गिऱ्हाईक म्हणून आपण काही कमी दोषी नाही. आपल्याला वस्तू नको असते, वस्तूच्या आडून स्वतःची छाती फुगवायची असते.

एक खरी तलवार बघू. एप्रिल 2025मध्ये लंडनला सोदबीजच्या लिलावात नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार निघाली. महाराष्ट्र सरकारनं ती मिळवली, सुमारे 47 लाख रुपये मोजले आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. तिच्यावर रघुजींचं नाव सोन्यानं देवनागरीत लिहिलेलं आहे. म्हणजे तिची ओळख तिच्या अंगावरच आहे, कुणाच्या सांगण्यावर नाही. आणि पातं? युरोपी बनावटीचं. अशा तलवारीला ‘फिरंग’ म्हणत. पातं परदेशी, मूठ आपल्याकडची. मराठा सरदारांना त्याची लाज वाटत नव्हती; चांगलं पोलाद कुठल्या बंदरात उतरलं याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. आज ‘अस्सल स्वदेशी मराठा तलवार’ शोधत फिरणाऱ्याला तलवारीतलं त्यांच्याइतकंही कळत नाही.

मग पहिली तलवार कुठली घ्यावी? माझं मत स्पष्ट आहे : साधी, बिननावाची, बहुधा एकोणिसाव्या शतकातली, कुणा सामान्य शिपायाच्या कमरेला असेल अशी. जिच्याबद्दल विकणारा फारसं काही सांगत नाही अशी. तिच्यावर डोळा तयार होतो. पातं मुठीत जातं तिथं आधी बघा. आपल्याकडच्या जुन्या मुठींमध्ये पातं गरम लाखेनं किंवा राळेनं पक्कं करत. त्यामुळे जुन्या तलवारीची मूठ थोडी हलली तर बिघडत नाही, पण तिथं ताजं वेल्डिंग दिसलं तर आल्या पावली परत फिरा. धारेवरचे खवले, पुन्हा पुन्हा परजून झिजलेलं पातं, परजेवरची उडालेली चांदी या खुणांना ‘डॅमेज’ म्हणू नका. ते तिचं वय आहे. आणि घरी आणल्यावर पॉलिशवाल्याकडे तर मुळीच नेऊ नका. जौहरदार पोलादाची नक्षी एका घासण्यात जाते, आणि तिच्याबरोबर पुरावाही.

आता न आवडणारी गोष्ट. तलवार शस्त्र आहे. शस्त्र अधिनियम, 1959 आणि त्याखालच्या 2016च्या नियमांत नऊ इंचांहून लांब धारदार पाती येतात. तलवारीनं केक कापून रील टाकली आणि गुन्हा दाखल झाला, या बातम्या आपल्याच शहरातल्या आहेत. तेव्हा घेण्याआधी पोलीस आयुक्तालयाच्या परवाना विभागात लेखी विचारा. वस्तू शंभर वर्षांपेक्षा जुनी असेल तर 1972चा पुरावशेष कायदाही लागतो : तिचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो, आणि तुम्हाला ती परदेशी नेता येत नाही. तलवार ‘शिवकालीन’ असल्याची शपथ घेणारा विक्रेता पावतीवर मात्र ‘शोभेची वस्तू’ लिहितो. दोन्हींपैकी एक खोटं आहे, हे तरी ओळखा.

यावर कुणी म्हणेल, एवढा अभ्यास कशाला, छंद तर आहे. मग भिंतीवर लावायची बोथट तलवार घ्या. त्यात कमीपणा काही नाही. फक्त तिला इतिहास म्हणू नका.

खरा संग्राहक कसा असतो हे बघायचं तर शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. तिथं शस्त्रंही आहेत, पण दिनकर केळकरांनी आयुष्यभर दिवे आणि अडकित्तेही त्याच मायेनं जमवले, लवकर गेलेल्या मुलाचं नाव संग्रहालयाला दिलं आणि सगळं सरकारच्या हवाली केलं. अडकित्त्यानं कुणाची छाती फुगत नाही. त्यांना वस्तूच हवी होती.

आज पेठांमधले वाडे पडताहेत. माळ्यावरची तलवार भंगाराबरोबर बाहेर येते, दोन हात बदलते आणि तिसऱ्या हातात ‘शिवकालीन’ होते. ज्या आजींच्या घरात खंडेनवमीला तिची पूजा व्हायची, त्यांना कुणी काही विचारतच नाही. ती कुठल्या गावाहून आली, कोण वापरायचं, पूजा कधी थांबली, हे चार प्रश्न विचारायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं गेली की ती तलवार कायमची मुकी होते, आणि मग तिच्या तोंडी कुणीही काहीही घालतं.

म्हणून तलवारीच्या आधी एक वही घ्या. कुणाकडून घेतली, कितीला, त्यांनी काय सांगितलं, सगळं तारखेसकट लिहा. आणि काळाच्या रकान्यात ‘माहीत नाही’ लिहायची वेळ आली, तर तेच लिहा.