सोडणाऱ्याला जाऊ द्या

एमडीच्या दुसऱ्या वर्षाला एखाद्या मुलाने किंवा मुलीने डॉक्टरकीला रामराम ठोकला, की घरात, नातेवाइकांत आणि कॉलेजात एकच वाक्य ऐकू येतं: ‘एक सीट वाया घालवली.’ त्यात सरकारचा पैसा बुडवल्याचा ठपका असतो, दुसऱ्याची संधी हिरावल्याचा असतो आणि ‘ताण कुठे नसतो?’ हा सवाल तर असतोच. मला हा सगळा आरोपच मुळात अन्यायाचा वाटतो.

ताण कुठे नसतो म्हणणाऱ्याने मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या जेआर-वनची, म्हणजे पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरची, एक इमर्जन्सी ड्यूटी पाहावी. सकाळी आठला लागलेली ड्यूटी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत संपत नाही. रात्रभर कॅज्युअल्टीतून पेशंट वर येत राहतात. पहाटे पाचला वॉर्डभर रक्तं काढायची, नळ्यांवर नावं लिहायची. सीटी स्कॅनसाठी रेडिओलॉजीत हात जोडायचे. वॉर्डबॉय मामा जागेवर नसले तर ट्रॉलीही आपणच ढकलायची. आणि आठच्या राउंडला कुठल्या खाटेवरच्या पेशंटचं सोडियम किती, हे तोंडपाठ सांगायचं. अडखळलं तर पेशंटांसमोरच उद्धार होतो. १९९२च्या केंद्रीय निवासी डॉक्टर योजनेत सलग १२ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने सुचवलेली मर्यादा ७४ तासांची. बत्तीस वर्षांत कामाचे तास कमी व्हायचे सोडून मर्यादाच वर चढली. हा नोकरीतला रोजचा ताण नव्हे. यात माणूस मोडतो, आणि मोडलेल्या माणसाच्या हातात पेशंट असतो, हे तरी आठवावं.

पैशाचा मुद्दा लवकर निकालात निघतो. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष सरकारी सेवा करायची, हा बाँड महाराष्ट्र सरकारनेच ठरवला आहे. सेवा केली की हिशेब मिटला. शिवाय, एमबीबीएस होऊन यूपीएससीतून कलेक्टर झालेल्याचा आपण गावोगाव सत्कार करतो. तिथे सीट वाया गेल्याची हळहळ कुणाला वाटत नाही. तोच मुलगा शाळेत जीवशास्त्र शिकवू लागला, की मात्र ती वाया जाते. म्हणजे दुखणं सरकारी पैशाचं नाही, प्रतिष्ठेचं आहे.

पण सोडणाऱ्यांची बाजू घेणारेही एक घोळ घालतात. ते लगेच डॉ. श्रीराम लागूंचं नाव पुढे करतात. कान-नाक-घशाचे सर्जन असलेल्या लागूंनी चाळिशी ओलांडल्यावर, १९६९ साली, प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ नाटक धरलं आणि पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ उभं केलं. लागूंबद्दल मला नितांत आदर आहे. तरीही हा दाखला इथे लागू पडत नाही. त्यांना नाटकाने ओढून नेलं होतं. ज्याची झोप उडाली आहे, वॉर्डाचा जिना चढताना ज्याचे हात थरथरतात, त्याच्यापुढे रंगभूमी वाट पाहत उभी नसते. त्याला फक्त जगायचं असतं. उद्या तो नटसम्राट होणार असेल तरच त्याचं सोडणं क्षम्य, असं म्हटलं तर आपण त्याच्या डोक्यावर आणखी एक परीक्षा लादतो. तो कापडाचं दुकान चालवो, नाही तर भाषांतरं करो, त्याचा निर्णय तेवढाच योग्य आहे.

उरला दुसऱ्याच्या संधीचा आक्षेप. हा खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. एखाद-दुसऱ्या गुणाने ज्या मुलीची एमडीची जागा हुकली, तिचं दुःख खोटं नाही. पण दुसऱ्या वर्षी रिकामी झालेली जागा तिला मिळत नाही आणि खचलेल्याला तिथेच डांबून ठेवल्यानेही मिळत नाही. मिळायची तर ती तो पहिल्या काही आठवड्यांत बाहेर पडला आणि प्रवेशफेऱ्या चालू असल्या तरच मिळेल. आपण मात्र उलटं करतो. सोडणाऱ्यावर जबर दंडाची टांगती तलवार ठेवतो, म्हणून ज्याला पहिल्याच महिन्यात कळून चुकलेलं असतं तो दीड वर्ष कुढत काढतो, आणि मग जागाही जाते आणि माणूसही. जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानेच राज्यांना सीट सोडण्यावरचा हा दंड काढून टाकण्याची सूचना केली. ती सगळीकडे पाळली जावी, पहिल्या प्रवेशफेऱ्या संपेपर्यंत बाहेर पडण्याची वाट विनाअट उघडी असावी आणि अर्ज दिल्या दिवशीच त्या मुलाची मूळ प्रमाणपत्रं त्याच्या हातात पडावीत.