बोली आणि मत : महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगास खुले पत्र

प्रति,
मा. राज्य निवडणूक आयुक्त,
महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोग, मुंबई

विषय : लिलावाने व बिनविरोध ठरणाऱ्या ग्रामपंचायती आणि मतदाराचा कौल

महोदय,

लोकप्रतिनिधींमध्ये लोकांच्या मूल्यांचे प्रतिबिंब पडते का, हा प्रश्न बहुधा संसद आणि विधानसभेच्या संदर्भात विचारला जातो. तो सर्वांत जवळून तपासता येतो तो ग्रामपंचायतीत. तिथे सदस्य 7 ते 17 असतात. उमेदवार कोणत्या घरातला, त्याचे कोणाशी पटते, कोणाशी बांधाचा वाद आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक असते. मतदार आणि प्रतिनिधी इतके जवळ असूनही प्रतिबिंब बिघडत असेल, तर दोष निवडीच्या रीतीत शोधावा लागतो.

जानेवारी 2021 मध्ये राज्यातल्या 14,234 ग्रामपंचायतींची निवडणूक जाहीर झाली होती आणि 15 जानेवारी हा मतदानाचा दिवस होता. त्याआधी नाशिक जिल्ह्याच्या देवळा तालुक्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या गावांत ग्रामपंचायतीच्या पदांसाठी लागलेल्या जाहीर बोलीच्या बातम्या व चित्रफिती सर्वत्र पोहोचल्या. उमराण्यात 2 कोटी 5 लाख रुपयांपर्यंत बोली गेल्याचे आणि खोंडामळीत 42 लाखांवर ती थांबल्याचे वृत्त होते. रक्कम गावच्या मंदिरासाठी द्यायची, असे दोन्हीकडे ठरले होते. आयोगाने अहवाल आणि चित्रफिती तपासल्या आणि मतदानाला दोन दिवस उरले असताना दोन्ही गावांतील निवडणूक रद्द केली. हा निर्णय योग्य होता. पण गावकऱ्यांना त्यात गैर का वाटले नाही, हा प्रश्न निवडणूक रद्द झाल्याने सुटला नाही.

लिलावाच्या बाजूने सांगितली जाणारी कारणे गावात कोणीही ऐकलेली असतात. पैसा कोणाच्या खिशात जात नाही, देवाच्या कामाला लागतो. पॅनेल उभी राहिली की भाऊबंदकी उफाळते, सोयरिकी तुटतात, निकालानंतर पाच वर्षे एकमेकांच्या दारात पाऊल पडत नाही. निवडणुकीत दारू-मटणावर उडणारा पैसा मंदिराला गेला तर बिघडले काय, असा सवाल असतो. यात श्रद्धा, एकोपा आणि उधळपट्टीचा तिटकारा ही तीन खरी मूल्ये आहेत. त्यांना अडाणीपणा म्हणून झटकून टाकणे हा गावावर अन्याय ठरेल.

अडचण निराळी आहे. ही मूल्ये गावाची आहेत हे कोणी ठरवले, याचा पत्ता लिलावात लागत नाही. बैठकीत बोलतात ते ठरावीक लोक. बायका तिथे कमी असतात आणि असल्या तरी मागे बसतात. जानेवारी हा ऊसतोडीचा हंगाम. ज्या गावांतून टोळ्या जातात, तिथली कितीतरी कुटुंबे त्या वेळी कारखान्याच्या पट्ट्यात कोप्या टाकून राहत असतात. जे गावात हजर असतात त्यांनाही बैठकीत नाही म्हणणे जड जाते. ज्याच्या शेतावर उद्या रोजाने जायचे आहे, त्याच्यासमोर हात वर करून विरोध कसा नोंदवायचा? मतदान केंद्रात यंत्राभोवती पुठ्ठ्याचा आडोसा असतो. दोन-अडीच फुटांचा तो आडोसा मजुराला मालकाच्या नजरेपासून आणि सुनेला सासऱ्याच्या नजरेपासून वाचवतो. बैठकीत तो आडोसा नसतो.

2021 मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडला जाणार नव्हता. निवडून आलेले सदस्य त्याची निवड करणार होते. म्हणजे सरपंचपदाची बोली लावताना पुढे निवडून येणाऱ्या सदस्यांचे मतही आधीच विकले जात होते. शिवाय बोलीत उतरायला ऐपत लागते. ग्रामपंचायतीत महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत, अनुसूचित जाती-जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात जागा आहेत. ज्यांच्या हाती पैसा आणि जमीन कमी, त्यांनाही कारभारात बसता यावे म्हणून ही तरतूद झाली. पदाला किंमत लागली की तीच माणसे पुन्हा दाराबाहेर राहतात.

4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गावाऐवजी व्यक्ती हा घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले होते. या प्रश्नाचे मर्म त्याच भूमिकेत आहे. लिलाव गावाला एक घटक मानतो आणि गावाच्या वतीने बोलण्याचा हक्क काही जणांना देतो. मतदान प्रत्येकाला वेगळे विचारते. पुढे 73 व्या घटनादुरुस्तीने 1993 मध्ये पंचायतींना घटनात्मक स्थान दिले, तेव्हा कलम 243 ट नुसार या निवडणुकांची जबाबदारी स्वतंत्र आयोगाकडे सोपवली. प्रत्येकाला वेगळे विचारले जाते की नाही, हे पाहणे त्या जबाबदारीचा गाभा आहे.

बिनविरोध निवड हा लिलावापेक्षा वेगळा प्रकार आहे. अर्ज माघारीची वेळ संपली आणि जागांइतकेच उमेदवार उरले, की निवडणूक निर्णय अधिकारी त्यांना निवडून आल्याचे घोषित करतो. केंद्र लागत नाही, बोटाला शाई लागत नाही. ही निवड कायदेशीर असते आणि कित्येकदा ती खऱ्या सहमतीतूनही होते. अडचण एवढीच, की खरी सहमती आणि दडपलेला विरोध कागदावर सारखेच दिसतात.

या दोहोंतला फरक हिवरे बाजारने दाखवला. नगर तालुक्यातल्या या गावात पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आणि श्रमदान यांच्या बळावर दुष्काळी माळाचे रूप पालटले. सुमारे तीस वर्षे तिथली ग्रामपंचायत बिनविरोध होत राहिली. 2021 मध्ये प्रथमच समोर पॅनेल उभे राहिले, मतदान झाले आणि पवार यांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या. त्या दिवशी गावाची एकी मोडली नाही. ती गुप्त मतदानात मोजली गेली. ज्या नेतृत्वात गावाची मूल्ये खरोखर उतरली आहेत, त्याला मतपेटीचे भय नसते.

उलटा कौलही गावे देतात. पुणे जिल्ह्यातील मानकरवाडी ग्रामपंचायतीत 330 वैध मतांपैकी 204 मते ‘नोटा’ला पडली होती. समोर असलेल्यांपैकी कोणातही आपले प्रतिबिंब दिसत नाही, हे सांगण्याची वाट मिळाली तेव्हा लोकांनी ते स्पष्ट सांगितले. नोव्हेंबर 2018 मध्ये आयोगाने स्थानिक निवडणुकांसाठी आदेश काढून, ‘नोटा’ला सर्वाधिक मते मिळाल्यास कोणालाही विजयी घोषित न करता फेरनिवडणूक घेण्याची तरतूद केली. ‘नोटा’ला वजन देणारे ते महत्त्वाचे पाऊल होते. मात्र बिनविरोध जागेवर यंत्रच लागत नाही, म्हणून हे बटण तिथे पोहोचत नाही.

यावरून आयोगापुढे चार मागण्या ठेवाव्याशा वाटतात. पहिली, एकच उमेदवार उरलेल्या जागेवरही ‘नोटा’सह मतदान घेता यावे, अशी कायदादुरुस्तीची शिफारस राज्य शासनाकडे करावी. दुसरी, प्रत्येक निवडणुकीनंतर बिनविरोध जागांची गाव आणि प्रभागनिहाय यादी, अर्ज भरणाऱ्या व माघार घेणाऱ्यांच्या संख्येसह, जनतेपुढे ठेवावी. जिथे दहा अर्ज येऊन नऊ शेवटच्या तासात मागे जातात, ते गाव त्या यादीत आपोआप उठून दिसेल. तिसरी, बिनविरोध गावांना बक्षीस म्हणून निधी देण्याच्या घोषणा आचारसंहितेच्या काळात पूर्णपणे थांबवाव्यात. रस्ता आणि पाणी हा गावाचा हक्क आहे. निवडणूक टाळण्याचा तो मोबदला होऊ नये. चौथी, ऊसतोडीला किंवा अन्य कामाला बाहेर जाणाऱ्या मजुरांची गावे लक्षात घेऊन मतदानाची तारीख ठरवावी.

प्रतिनिधी लोकांसारखे आहेत का, या प्रश्नाचे उत्तर लोकांनीच द्यायचे असते. ते उत्तर प्रत्येकाला, आडोशामागे, पैशाशिवाय देता यावे, एवढी हमी आयोगाच्या हातात आहे.

कळावे,
ग्रामीण महाराष्ट्रातील एक मतदार