प्लंबरला फोन करण्याआधी

"प्लंबर वेळेवर येत नाही, आला तर अर्धं सामान विसरतो", ही तक्रार आमच्या नगरात (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच) घरोघरी ऐकू येते. माझं मत जरा वेगळं आहे मंडळी. निम्मा दोष बोलावणाऱ्याचा!

आता बघा, ऑफिसात कुणी "सॉफ्टवेअर चालत नाहीये" एवढाच बग टाकला तर आपण त्याची टर उडवतो. कुठल्या स्क्रीनवर? काय केल्यावर? आणि आपण स्वतः प्लंबरला काय सांगतो? "नळ गळतोय, या." बिचारा अंदाजाने वायसर घेऊन येतो, तर इथे आख्खा नळच बदलायचा असतो. परत दुकान, झाला अर्धा दिवस.

म्हणून थोडा गृहपाठ. टाकीचा मेन कॉक कुठंय ते शोधा आणि फिरतो का बघा. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक जाम होतो आणि ऐनवेळी घात करतो. प्रेशर कमी आहे? एकाच नळाला असेल तर आधी जाळी काढून बघा, बोअरच्या पाण्याचे क्षार तिथंच साचतात. वरच्या मजल्यावर सगळीकडेच कमी असेल तर टाकीची उंची मोजा. १० मीटर उंचीला साधारण १ किलो प्रेशर मिळतं. टाकी शॉवरच्या २ मीटरच वर असेल तर महागडा शॉवर आणून काय उपयोग? गळती मोजणं तर सोपं: पाव लिटरचा ग्लास १० मिनिटांत भरला, तर दिवसाला ३६ लिटर वाया. पाइप जीआयचा की सीपीव्हीसीचा, तेही बघा आणि दोन फोटो पाठवून द्या.

राहिली मजुरी. सामान वेगळं, मजुरी वेगळी, दोन्ही आधी ठरवा. पण "दहा मिनिटांचं तर काम" म्हणून घासाघीस नको. सिनियरने दहा मिनिटांत बग पकडला म्हणून त्याचा पगार कापतात का? उलट अप्रेझलला कौतुक होतं! पैसे त्या दहा मिनिटांचे नसतात, त्यामागच्या वर्षांचे असतात.

निजामशाहीत या शहराला कापूरवाडीकडून खापरी नळांनी पाणी यायचं. बांधून घेणाऱ्यांची नावं इतिहासात आहेत, नळ जोडणाऱ्यांची नाहीत. आपण निदान आपल्या प्लंबरचं नाव तरी फोनमध्ये नीट लिहू. माझ्याच यादीत "प्लंबर १", "प्लंबर २" असे नंबर आहेत, ते आज बदलतोय.

बघा पटतंय का.