उमेदवारी कुणाला परवडते?

कला शाखेत मराठी शिकवणाऱ्या आम्हां दोघांना दरवर्षी एक प्रश्न हमखास विचारला जातो : बी. ए. झाल्यावर पुढे काय? बरीच वर्षे आम्ही त्याचे एक उत्तर ठामपणे देत आलो. वकिली करा. ज्याला वाक्य नीट वाचता येते, शब्दाचा अर्थ नेमका कुठे ताणला जातो आहे हे कळते, त्याला कायदा परका वाटू नये, अशी आमची समजूत होती. हे उत्तर देणे आम्ही आता थांबवले आहे.

आमची एक विद्यार्थिनी घरातली पहिली पदवीधर. एलएल. बी. करून तिने सनद घेतली आणि जिल्हा न्यायालयात एका ज्येष्ठ वकिलांकडे उमेदवारी सुरू केली. चार वर्षे तिने कैफियती लिहिल्या, तारखा घेतल्या, नकलांसाठी खेटे घातले. मोबदला म्हणजे सणासुदीला एक पाकीट आणि एरवी 'तू शिकते आहेस ना' हे वाक्य. एस. टी.चा पास घरच्यांनी काढून द्यायचा. अखेर ती एका पतसंस्थेत वसुलीच्या नोटिसा लिहू लागली. बाररूममध्ये तिच्याविषयी एवढेच बोलले गेले की, लग्न ठरले असेल, म्हणून सोडले. तिचे लग्न अजून व्हायचे आहे.

अशा सोडून जाण्याला 'गळती' म्हणण्याची पद्धत आहे. शब्द सोयीचा आहे. गळणारे पाणी आपल्याच स्वभावाने गळते असे त्यातून वाटते आणि भांड्याकडे कुणी पाहत नाही.

'वकिलीत गुणवत्ता आपोआप वर येते, त्यासाठी संयम हवा', हे या व्यवसायाचे आवडते वचन. ते उच्चारणाऱ्यांनी डॉ. आंबेडकरांचे उदाहरण हमखास द्यावे, ही तर गंमतच म्हणायची. बॅरिस्टर होऊन, कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेऊन आलेल्या या माणसाने 1923 साली मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. तिथे काम यायचे सॉलिसिटरांच्या हातून, आणि अस्पृश्य बॅरिस्टरला काम द्यायला ते राजी नसत. 1925 ते 1928 या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी शिकवणाऱ्या संस्थेत व्यापारी कायद्याचे तास घेऊन त्यांनी मिळकतीला जोड दिली. गुणवत्तेत काय कमी होते? कमी होती ती ओळख. आणि तास घेऊन संसार चालवणे म्हणजे काय, हे तासिका तत्त्वावर वर्षे काढलेल्या आमच्या पिढीतल्या प्राध्यापकांना कुणी समजावून सांगायला नको.

आता आकडे पाहू. 2021 साली तत्कालीन सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी सांगितले होते की, देशातल्या सुमारे 17 लाख वकिलांत स्त्रिया 15 टक्के आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्याच 2023 च्या अहवालानुसार जिल्हा न्यायव्यवस्थेत स्त्री न्यायाधीशांचे प्रमाण 36 टक्क्यांच्या वर होते, उच्च न्यायालयांत ते 13 टक्क्यांच्या आसपास आणि सर्वोच्च न्यायालयात त्याहून कमी. खालचे न्यायाधीश मुख्यतः स्पर्धा परीक्षेतून येतात. काही राज्यांत त्यात आरक्षणही आहे, हे मान्य. पण मूळ फरक दाराचा आहे. जिथे दारावर परीक्षा उभी आहे तिथून मुली आत जातात. जिथे दारावर ओळख, आडनाव आणि चेंबर उभे आहे तिथे त्या थबकतात. जातीचेही तेच. 2018 नंतर उच्च न्यायालयांत नेमलेल्या 715 न्यायाधीशांत अनुसूचित जातींचे 22 आणि अनुसूचित जमातींचे 16 होते, असे केंद्र सरकारने मार्च 2025 मध्ये संसदेत सांगितले. या न्यायाधीशांची निवड ज्या वकिलांतून आणि जिल्हा न्यायाधीशांतून होते, त्यांतले पहिल्या पाच वर्षांत कोण टिकले आणि कोण गेले, हे मात्र कुणी विचारले नाही.

मोजमाप आहे ते वरच्या मजल्याचे. तळमजल्यावर एकदा सनद नोंदली की नाव यादीत राहते. आमची विद्यार्थिनी पतसंस्थेत बसून वसुलीच्या नोटिसा लिहिते आहे, पण त्या यादीत ती अजून वकील असेल आणि कुणा भाषणातल्या त्या 15 टक्क्यांत तीही मोजली जात असेल! पडताळणीचे नियम 2015 साली आले. त्यांचा रोख बनावट आणि व्यवसाय न करणाऱ्या वकिलांना यादीतून वगळण्यावर होता. तू का गेलीस, असा रकाना त्यांत नाही.

आणि नेमक्या त्या एका उघड्या दाराशी आता काय झाले? 20 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, कनिष्ठ दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसण्यापूर्वी तीन वर्षांची वकिली हवी. 2002 साली हीच अट याच न्यायालयाने काढून टाकली होती. कोर्ट न पाहिलेल्या तरुणाने न्यायासनावर बसू नये, या म्हणण्यात तथ्य आहे आणि आम्ही ते नाकारत नाही. पण त्या तीन वर्षांचा खर्च कोण करणार? ज्याचे वडील वकील त्याला ती वर्षे म्हणजे घरचेच काम. शेतमजुराच्या मुलीला ती म्हणजे कर्ज. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये ज्युनियरांना शहरात किमान 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार रुपये द्यावेत असे परिपत्रक काढले. ती शिफारस होती, सक्ती नव्हे. परीक्षेची अट बंधनकारक, पगाराची ऐच्छिक.

न्यायालयाला हे कळत नाही असेही नाही. 30 जुलै 2024 च्या निकालात त्यानेच सनदेचे शुल्क सर्वसाधारण उमेदवारांसाठी 750 आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 125 रुपयांच्या वर नेता येणार नाही असे ठरवले, आणि जबर शुल्क दुर्बलांची वाट अडवते हे स्पष्ट म्हटले. काही राज्यांत तोवर हजारो रुपये घेतले जात. दारातला उंबरा खाली केला, हे चांगलेच झाले. पण आत गेल्यावर जेवायचे काय?

ज्येष्ठ वकिलांचाही युक्तिवाद आम्ही ऐकला आहे. आम्हीही असेच शिकलो, तालुक्याच्या वकिलाला ज्युनियर पोसणे झेपत नाही, असे ते म्हणतात. दुसरा भाग खरा आहे, आणि म्हणूनच कल्याण निधीतून किंवा सरकारी तिजोरीतून पहिली तीन वर्षे विद्यावेतन द्यावे असे आमचे म्हणणे आहे. पहिला भाग मात्र आम्हांला मान्य नाही. आपण उपाशी राहून शिकलो हे उपाशी ठेवण्याचे समर्थन होत नाही. आणि जे असे शिकू शकले नाहीत ते 'आम्हीही' म्हणायला बाररूममध्ये उरलेलेच नाहीत.

गेल्या आठवड्यात तृतीय वर्षाची एक मुलगी आली. "सर, मॅडम, विधीच्या सीईटीचा फॉर्म भरू का?" असे विचारत होती. पूर्वी आम्ही तिला गुण विचारले असते. या वेळी दोनच गोष्टी विचारल्या : पदवीनंतर तीन वर्षे घरून पैसे येतील का, आणि ओळखीत कुणी वकील आहे का? ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पण मॅडम, मार्क आहेत माझ्याकडे."