रुखवत मांडणारे हात

आमच्या लहानपणी लग्नघरात दोन ठिकाणी हमखास गर्दी असायची. एक आचाऱ्याच्या चुलाणापाशी आणि दुसरी रुखवतापाशी. भिंतीला लागून पाटांवर पाट रचायचे, त्यांवर एखादी जरीची साडी अंथरायची आणि मग मांडणी सुरू व्हायची. मागे उंच वस्तू, पुढे बुटक्या. मण्यांचं तोरण वर, करंज्या-लाडवांची ताटं खाली, मधोमध साखरेचं तुळशीवृंदावन. हे काम घरातल्या सगळ्या बायकांना जमत नसे. गावात एखाद-दुसरीच असायची. ती सगळं मांडून झालं की दोन पावलं मागे सरायची, मान तिरकी करून बघायची आणि पुन्हा पुढे होऊन एखादी वस्तू चार बोटं सरकवायची. मग म्हणायची, “आता बोलवा व्याह्यांना.” व्याही मंडळी यायची, बघायची, मुलीच्या हाताला काय काय येतं ते त्यांना न सांगता कळायचं.

हे आज आठवायचं कारण दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातलं. पुण्यात एका मैदानावर हस्तकलेचं आणि बचत गटांच्या मालाचं प्रदर्शन भरलं होतं. निवृत्त माणसाला अशा ठिकाणी जायला निमित्त लागत नाही. झुणका-भाकरी खावी, लाकडाची खेळणी बघावी, हातसडीचा तांदूळ घ्यावा आणि परत यावं. फिरता फिरता मागून हाक आली, “साहेब, वळखलं का?”

ओळखलं नव्हतं. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या, पावसाने कायम पाठ फिरवलेल्या भागातल्या आमच्या बँकेच्या शाखेत मी २००३ साली अधिकारी होतो. बचत गटांना कर्ज देण्याचा तो भराचा काळ. नाबार्डने १९९२मध्ये पाचशे गटांपासून सुरू केलेला प्रयोग तोवर खेड्यापाड्यांत पोचला होता, १९९९च्या स्वर्णजयंती योजनेमुळे गटागटांची कागदपत्रं आमच्या टेबलावर येत होती. त्या ढिगात या बायकांचा गोधड्यांचा गट होता. त्यांचं पहिलं कर्ज माझ्या सहीने गेलं होतं आणि सांगायला आनंद वाटतो की ते एक हप्ताही न चुकता फिटलं होतं. तेव्हाच्या सचिवबाई आता अध्यक्ष झाल्या होत्या, केस पिकले होते. मला तिथल्या तिथे खुर्ची मिळाली, चहा आला. प्रदर्शन चार दिवसांचं. दोन दिवस सरले होते आणि बारा गोधड्यांपैकी एक विकली गेली होती.

मी चहा पीत स्टॉलकडे बघत बसलो. बँकेत तीस-पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसऱ्याच्या धंद्याकडे बघण्याची सवय असते. दहा फूट बाय दहा फुटांचा मांडव, तिन्ही बाजूंना पांढरं कापड. समोर आयोजकांनी दिलेली दोन टेबलं एकाला एक जोडून लावलेली, त्यामुळे आत यायला वाट नाही. टेबलावर गोधड्यांच्या दोन चळती. प्रत्येक गोधडी घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत. तिघीजणी मागे खुर्च्यांवर बसलेल्या, टेबलाआडून त्यांचे चेहरे तेवढे दिसायचे. वर मोठा फलक. त्यावर योजनेचं नाव, मान्यवरांचे फोटो, गटाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. त्या फलकावर एक शब्द नव्हता. गोधडी!

अर्ध्या तासात शेकडो माणसं समोरून गेली. थांबली चार. त्यातल्या एका बाईंनी विचारलं, “इथे लोणचं मिळतं का?”

त्या क्षणी मला माझाच एक कागद आठवला. या गटाचा प्रकल्प अहवाल मीच भरून दिला होता. कापड किती, दोरा किती, सुया किती, सगळ्याचे रकाने होते. शेवटी ‘विक्रीव्यवस्था’ असा रकाना होता आणि त्यात मी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : ‘स्थानिक बाजार व प्रदर्शने’. अशा किती अहवालांत मी हेच शब्द लिहिले असतील, त्याची गणती नाही. प्रदर्शन म्हणजे काय, तिथे उभं कसं राहायचं, माल कसा दाखवायचा, हे त्या बायकांना कोण सांगणार होतं? आम्ही त्यांना बचत शिकवली, हिशोब शिकवला, इतिवृत्त लिहायला शिकवलं. मांडायला कुणीच शिकवलं नाही.

पण थोडं थांबून विचार केला तेव्हा माझं मलाच हसू आलं. मांडायला शिकवायचं कुणाला? मी अध्यक्षबाईंना विचारलं, “तुमच्यात गौरीची आरास कोण करतं?” बाकीच्या दोघींनी एकदम तिसरीकडे बोट दाखवलं. तिने गावातल्या निम्म्या लग्नांची रुखवतं मांडली होती. “मग इथे का नाही मांडत?” तर उत्तर आलं, “ह्ये सरकारी हाय न्हवं. त्यांनी टेबलं लावून दिली, तसंच ठिवलं.”

या एका वाक्यात सगळं आलं. ज्या हातांना घरात मांडता येतं, ते हात टेबल आणि फलक दिसला की परके होतात. प्रदर्शन ही कचेरीचीच शाखा वाटते आणि कचेरीत आपण काही हलवायचं नसतं, हा पिढ्यानपिढ्यांचा धडा. दोष त्यांचा नाही. तो धडा देणाऱ्यांत मीही होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गर्दी होण्याआधी आम्ही सगळं मोडलं. मी ‘आम्ही’ म्हणतो, पण माझं काम उचला-ठेवीचं. एक टेबल बाजूला काटकोनात गेलं, समोरचा अर्धा भाग मोकळा झाला. माणूस आता आत पाऊल टाकू शकत होता. आणि आत आलेला माणूस रस्त्यावरून बघणाऱ्यापेक्षा निवांत बघतो. टेबलावर जमिनीपर्यंत पोचेल अशी साधी विटकरी रंगाची चादर टाकली, म्हणजे खालची पोती-खोकी दिसेनाशी झाली. चादर साधीच हवी, नक्षीच्या चादरीवर नक्षीची वस्तू हरवते. खोकी उलटी करून पायऱ्या केल्या, त्यांवर लहान बाळांची दुपटी आणि पिशव्या. स्वस्त आणि लहान वस्तू पुढे, हाताशी. मोठ्या गोधड्या मागे.

मागच्या भिंतीवर गोधडी लावायची कशी, हा प्रश्न होता. गोधडी जड. दोरीला आणि चिमट्यांना ती दाद देत नाही. मग एक बांबू आडवा बांधला आणि त्यावरून एकच गोधडी पूर्ण उलगडून सोडली, तिचा मधला चौक उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल अशी. बाकीच्या घड्या घालून खाली, पण पिशवीतून बाहेर काढून. जुन्या सुती लुगड्याची गोधडी माणूस विकत घेतो ती हाताने, डोळ्यांनी नव्हे. प्लॅस्टिकवरून हात फिरवून काय कळणार?

मला वाटलं, सर्वांत देखणी गोधडी अगदी पुढे, उन्हात ठेवावी. रुखवतवालीने मला अडवलं. “रंग उडंल, साहेब. चार दिसात चट्टा पडंल.” खरंच होतं. मैदानावरचा स्टॉल आणि दुकान यांत फरक आहे. इथे ऊन फिरतं, धूळ बसते, दुपारी वारा सुटतो आणि डिसेंबरात रात्री दव पडतं. त्यांनी पाण्याचे रिकामे कॅन मागून आणले, भरले आणि मांडवाच्या चारी खांबांना बांधले, म्हणजे वाऱ्याने मांडव डुलायचा थांबला. तीच प्लॅस्टिकची पिशवी रात्री दवापासून झाकायला कामी आली. पिशवी वाईट नव्हती, तिची वेळ चुकीची होती. संध्याकाळसाठी पांढऱ्या ट्यूबशेजारी एक पिवळा दिवा लावला. ट्यूबच्या निळसर उजेडात लाल रंग मेल्यासारखा दिसत होता, तो जागा झाला.

फलकाला हात लावायची सोय नव्हती. त्याखाली एका पुठ्ठ्यावर हातभर अक्षरात लिहिलं : ‘हाताने शिवलेल्या गोधड्या’. पैसे भरायचा क्यूआर कोड आतापर्यंत टेबलाच्या मधोमध, देवासारखा उभा होता. तो बाजूला, हिशोबाच्या वहीजवळ नेला. आल्या आल्या माणसाला पैशाचं यंत्र दाखवू नये. आणि खुर्च्या दोन कमी केल्या. एकीने उभं राहायचं, एकीने पुढच्या कोपऱ्यात बसून अर्धवट गोधडी शिवत राहायचं. या एका गोष्टीने जेवढी माणसं थांबली, तेवढी बाकी कशानेही थांबली नाहीत. शिवणाऱ्या हाताशी बोलायला ओळख लागत नाही.

खरा वाद झाला तो किमतीवरून. बायकांचं म्हणणं, भाव लिहिला की गिऱ्हाईक लांबूनच जातं. माझं म्हणणं उलटं. आपण मध्यमवर्गीय माणसं अशा ठिकाणी का थांबत नाही, हे मला माझ्यावरून ठाऊक आहे. भाव विचारायचा आणि न घेता निघायचं, याचा आपल्याला संकोच वाटतो. लिहिलेला भाव तो संकोच दूर करतो. शेवटी चिठ्ठ्या लिहायचं ठरलं. मी उत्साहात पहिली लिहिली : ‘किंमत २४०० रुपये. चोवीस दुपारांचं काम.’ मला वाटलं, किती छान! अध्यक्षबाईंनी ती वाचली आणि उलटी ठेवली. म्हणाल्या, “असं नगा लिवू. लोक भागाकार करत्याल. आमची कीव करत्याल.”

भागाकार मी केला नव्हता. एका दुपारचे शंभर रुपये, त्यातून दोरा-अस्तर वजा. आणि मग दुसरा कागद आठवला. माझ्या त्याच अहवालात ‘श्रम’ या रकान्यात मी काय लिहिलं होतं? ‘घरचे’. म्हणजे शून्य. वीस वर्षांपूर्वी एका शब्दात मी त्या दुपारी पुसून टाकल्या होत्या आणि आता त्याच चिठ्ठीवर मिरवायला निघालो होतो. आम्ही नवी चिठ्ठी लिहिली. सुती लुगड्यांची, दोन्ही बाजूंनी वापरता येते, अमुक बाय अमुक फूट, घरी धुता येते, किंमत इतकी. ती किंमतही त्यांनीच सहाशेने वाढवली. मला धाकधूक वाटली. त्यांना वाटली नाही.

पुढे चमत्कार झाला असं नाही. उरलेल्या दोन दिवसांत पाच गोधड्या, बरीच दुपटी आणि पिशव्या गेल्या. सहा गोधड्या परत गावी गेल्या. मांडणी केली की माल खपतोच असा माझा दावा नाही. माल बघितला जातो, एवढंच. पण न बघितलेला माल कधीच खपत नाही, हेही तितकंच खरं.

मांडणीचा अतिरेकही मी पाहिला आहे. पांढऱ्याशुभ्र चौथऱ्यावर एकच मडकं, वर रोखलेला दिवा, शेजारी गंभीर चेहऱ्याचा तरुण. तिथे पाऊल टाकायची छाती होत नाही. चांगला स्टॉल कलादालनासारखा नसावा आणि गोदामासारखाही नसावा. तो ओसरीसारखा असावा. आत यावं, टेकावं, बघावं, आणि काही न घेता उठलं तरी कुणी वाईट वाटून घेऊ नये. मंडईतली भाजीवाली हे रोज करते. ती पालेभाजीवर पाणी शिंपडते, वाटे लावते, टोमॅटोचा चांगला गाल वर ठेवते. तिला कुणी प्रशिक्षण दिलेलं नसतं. आणि तिच्या डोक्यावर फलकही नसतो.

दिल्ली हाट १९९४मध्ये सुरू झाला, सूरजकुंडचा मेळा त्याआधी १९८७पासून भरतो. आपल्याकडे मुंबईत महालक्ष्मी सरस भरतं, पुण्यात भीमथडी जत्रा भरते, जिल्ह्याजिल्ह्यांत गटांची प्रदर्शनं होतात. हे सारं चांगलंच आहे. माझं मागणं फार लहान आहे. स्टॉल उद्घाटनाच्या सकाळी न देता आदल्या दुपारी हातात द्यावा, म्हणजे मांडायला वेळ मिळेल. टेबलं कशी लावायची ते बायकांना ठरवू द्यावं. फलकावर वस्तूचं नाव योजनेच्या नावापेक्षा मोठं असावं. आणि कर्ज देताना मांडणीसाठी हजार-दोन हजारांची एक ओळ अहवालात असावी.

तुमच्या-माझ्याकडे मागणं त्याहून लहान. थांबावं. हात स्वच्छ असतील तर वस्तूला लावून बघावा. ज्या हाताने मॉलमध्ये चिठ्ठीवरची किंमत मुकाट्याने देतो, त्या हाताने इथे घासाघीस करू नये. नाही घ्यायचं तर ‘छान आहे’ म्हणून पुढे जावं. बघणाऱ्याने बघितलं, एवढंही मांडणाऱ्याला पुष्कळ असतं.

मला आता कुणी प्रकल्प अहवाल लिहायला सांगत नाही. सांगितलाच, तर दोन रकाने मी वेगळे भरीन. विक्रीव्यवस्था : एक साधी चादर, एक आडवा बांबू, चार पाण्याचे कॅन, एक पिवळा दिवा आणि गटातली रुखवत मांडणारी बाई. आणि श्रम : चोवीस दुपारी. तिथे मात्र भागाकार बँकेने करावा.