वर्षे मोजली, व्हॉल्व्ह कोण तपासणार?

जुन्या मोटारींचे काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर देशात गेले दशकभर प्रामुख्याने एकाच निकषावर शोधले गेले आहे. तो निकष म्हणजे वय. राष्ट्रीय हरित लवादाने राजधानी परिसरात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल वाहनांना मज्जाव केला. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. जुलै २०२५ च्या आरंभी अशा वाहनांना दिल्लीतील पंपांवर इंधन नाकारण्याचा प्रयोग झाला आणि काही दिवसांतच तो गुंडाळावा लागला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने केवळ वयाच्या आधारे मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असा आदेश दिला. डिसेंबरमध्ये हे संरक्षण भारत स्टेज-४ आणि त्यापुढील वाहनांपुरते मर्यादित झाले.

गोव्यात दिल्लीसारखी बंदी नाही. मात्र खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते, हा नियम येथेही लागू आहे. एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० रुपये केले. निवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्या ज्येष्ठाला किंवा एकाच गाडीवर संसाराच्या सगळ्या खेपा भागवणाऱ्या कुटुंबाला ही रक्कम लहान नाही. ती भरल्यावर गाडीच्या इंजिनाची प्रकृती कितपत कळते, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी एका लहानशा भागाचे उदाहरण पुरेसे आहे. पेट्रोल इंजिनात पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये निसटतोच. इंजिन नवे असले तरी तो निसटतो. झिजलेले असले तर अधिक. त्यात न जळलेले इंधन, पाण्याची वाफ आणि ज्वलनातून निर्माण झालेली आम्ले असतात. पूर्वी हा वायू नळीवाटे सरळ हवेत सोडला जाई. मोटारीतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोकार्बनपैकी सुमारे पाचवा हिस्सा याच वाटेने जात होता. धुरक्याने हैराण झालेल्या कॅलिफोर्नियाने १९६१ च्या मॉडेलपासून नव्या मोटारींना हा वायू पुन्हा इंजिनात ओढून जाळणारी व्यवस्था सक्तीची केली. या व्यवस्थेचा दरवाजा म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्ह: बहुतेक गाड्यांत बोटभर लांबीचा, आत एक स्प्रिंग आणि एक सरकती दांडी असलेला. भारत स्टेज मानकांतही पेट्रोल इंजिनाच्या क्रँककेसमधून हवेत वायू सोडण्यास मुळीच मुभा नाही.

हा व्हॉल्व्ह एका दिवसात मोडत नाही. तेलाचा गाळ साचून तो हळूहळू अडकतो किंवा त्याची स्प्रिंग शिथिल होते. बंद अवस्थेत अडकला तर आतला दाब वाढतो आणि तेल सील व गॅस्केटमधून वाट काढते. वाफ आणि आम्ले आतच राहून तेलाचा चिखल करतात. उघडा राहिला तर गरजेपेक्षा अधिक वायू आणि तेलाची वाफ इंजिनात ओढली जाते, उभी गाडी थरथरते, तेल कमी होत जाते. मालकाला आधी काहीच जाणवत नाही. जाणवते तेव्हा गाडीखाली तेलाचा डाग असतो आणि गॅरेजमध्ये सील बदलण्याची मजुरी व्हॉल्व्हच्या किमतीच्या कितीतरी पट झालेली असते.

किनारपट्टीवरील राज्यात ही झीज लवकर होण्यास पोषक परिस्थिती आहे. येथील बहुसंख्य फेऱ्या छोट्या असतात: घर ते कचेरी, कचेरी ते बाजार. तेल पुरेसे तापण्याआधीच इंजिन बंद होते. तेलात मिसळलेल्या पाण्याची वाफ होऊन बाहेर जाण्यास सवडच मिळत नाही. पावसाळ्यातील चार महिन्यांच्या दमट हवेत तेल भरण्याच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसते, ती याचीच खूण. कमी किलोमीटर चाललेली गाडी चांगलीच असणार, हा समज येथे फसवा ठरतो.

पीयूसी चाचणीत हा दोष पकडला जाईल, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु चाचणीची रचनाच तशी नाही. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन यांचे प्रमाण मोजले जाते. बंद पडलेल्या व्हॉल्व्हमुळे डिपस्टिकच्या तोंडातून किंवा फुटलेल्या नळीतून जे बाहेर पडते, ते या नळीपर्यंत पोहोचतच नाही. उघड्या अडकलेल्या व्हॉल्व्हमुळे तर मिश्रणात हवा वाढून कार्बन मोनॉक्साइडचा आकडा उलट कमीही दिसू शकतो. म्हणजे सदोष गाडी प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडते आणि निगा राखलेली गाडी केवळ जन्मवर्षामुळे संशयित ठरते.

याचा अर्थ वय गैरलागू आहे असा नाही. भारत स्टेज-२ च्या काळातील इंजिन कितीही जपले तरी ते भारत स्टेज-६ चे होत नाही. एखादा व्हॉल्व्ह बदलून ती दरी भरून निघणार नाही. झिजलेल्या रिंगांवरही हा उपाय चालत नाही. पण एकाच वर्षी कारखान्यातून निघालेल्या दोन गाड्यांत जो फरक पडतो तो निगेमुळे, आणि नेमका तोच फरक आजच्या धोरणाला दिसत नाही.

प्रतिबंधक देखभालीच्या नावाखाली प्रत्येक भाग सरसकट बदलणेही शहाणपणाचे नाही. भाग स्वस्त असावा, त्याचा बिघाड मुकाट्याने होणारा असावा आणि परिणाम महाग असावा. या तिन्ही अटी पूर्ण होतात तिथे बिघाडाची वाट पाहण्यात बचत नसते. पीसीव्ही व्हॉल्व्ह या कसोटीस उतरतो. सर्वसामान्य छोट्या गाड्यांसाठी तो काही शे रुपयांत मिळतो आणि अनेक इंजिनांत तो बदलणे काही मिनिटांचे काम असते. अनेक कंपन्यांच्या वेळापत्रकांत तो केवळ तपासण्यास सांगितलेला असतो आणि गर्दीच्या सर्व्हिसिंगमध्ये ती तपासणीच गळून जाते. व्हॉल्व्ह हलवल्यावर आतली दांडी खडखडली म्हणजे तो शाबूत, असे मानले जाते. पण शिथिल स्प्रिंग खडखडाटातून कळत नाही. म्हणून १५ वर्षांच्या गाडीत, त्याच्या रबरी नळ्यांसह, तो बदलून टाकणेच श्रेयस्कर. मात्र काही नव्या इंजिनांत हा भाग झाकणातच बसवलेला असतो. तिथे खर्च वाढतो आणि आधी नीट निदान करूनच निर्णय घ्यावा लागतो.

शासनापुढील काम याहून अवघड नाही. नूतनीकरणाच्या वेळी गाडी निरीक्षकासमोर उभी राहतेच. बॉनेट उघडून क्रँककेसच्या नळ्या जागेवर आहेत का, तेलाची गळती आहे का, इंजिन सुरू असताना व्हॉल्व्हच्या तोंडाशी ओढ जाणवते का, एवढे पाहण्यास महागडे यंत्र लागत नाही. वाढीव शुल्काच्या बदल्यात नागरिकाला अशा तपासणीचा लेखी अहवाल मिळाला, तर तो पैसा दंड वाटणार नाही आणि हवेलाही त्याचा उपयोग होईल. तोवर शुल्कवाढीने जुन्या गाड्या महाग होतील. त्या स्वच्छ होतीलच असे नाही.