पसंतीक्रम : मनाचा की भीतीचा?

दहावीच्या निकालानंतर गुणांची चर्चा आठ दिवस पुरते. अकरावीच्या अर्जातील पसंतीक्रम मात्र नेटकॅफेत दहा मिनिटांत उरकला जातो. केंद्रीय ऑनलाइन प्रवेशाची ही पद्धत पूर्वी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरांपुरती होती. २०२५-२६ मध्ये ती साऱ्या राज्याला लागू झाली आणि मंठा, घनसावंगी, भोकरदनच्या पालकांपुढेही प्रश्न उभा राहिला : दहा पसंतींत पहिले नाव कोणाचे लिहावे?

बहुतेक घरांत या प्रश्नाचे उत्तर भीती देते. पहिल्याच वर्षी एक परिचित गृहस्थ प्रस्तुत लेखकाकडे आले होते. मुलीच्या मनात जालन्यातील एक महाविद्यालय होते. पण ‘तेथे लागले नाही तर हातचेही जाईल’ या धास्तीने त्यांनी गावाजवळचे महाविद्यालय पहिले लिहिले आणि मनातले दुसरे. मुलीला अर्थातच पहिले मिळाले. पुढे यादी पाहिली, तेव्हा मनातल्या महाविद्यालयात तिच्याहून कमी गुणांच्या मुलींना प्रवेश मिळालेला होता.

पुष्कळ पालक या फेरीला ‘लॉटरी’ म्हणतात. शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के जागांची सोडत निघते, तेथे नशिबाचा भाग असतो हे खरे. अकरावीच्या फेरीत मात्र गुणानुक्रम चालतो. आपल्या प्रवर्गातील गुणानुक्रमाने विद्यार्थ्याची पाळी आली की त्याची यादी वरून खाली पाहिली जाते आणि जेथे जागा शिल्लक असेल असे पहिले महाविद्यालय त्याला दिले जाते. म्हणजेच जवळचे महाविद्यालय दुसऱ्या क्रमांकावर लिहिल्याने तेथील हक्क कमी होत नाही. त्याच प्रवर्गातील कमी गुणांचा विद्यार्थी ते पहिले लिहूनही आपल्या पुढे जात नाही. त्या गृहस्थांची धास्ती निराधार होती. तिची किंमत मात्र मुलीने मोजली.

ही किंमत आणखी वाढवणारा एक नियम आहे. २०२५-२६ च्या प्रवेशात पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यास तेथे प्रवेश घेणे बंधनकारक होते; न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांचे दार बंद होत असे. दुसरी वा त्याखालची पसंती मिळाली, तर थांबण्याची मुभा होती. तेव्हा भीतीपोटी पहिले लिहिलेले नाव म्हणजे स्वतःच्या हाताने घातलेली बेडी ठरते.

डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्येच अशा वाटपाचे गणित मांडले. त्या परंपरेतील कामासाठी शॅप्ली आणि अल्विन रॉथ यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. अमेरिकेतील बॉस्टन शहरात शाळाप्रवेशाची जुनी पद्धत पहिल्या पसंतीला झुकते माप देई. तेथे डावपेच जाणणारे पालक तरत आणि भाबडेपणाने खरी आवड लिहिणारे बुडत. म्हणून २००५ मध्ये ती पद्धत टाकून देण्यात आली. आपल्याकडची गुणानुक्रमाची पद्धत त्या जातीची नाही. येथे उलट डावपेच करणाराच फसतो.

मात्र खरी आवड म्हणजे नावाची प्रतिष्ठा नव्हे. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो. पण पासाने बस वेळेवर येत नाही. सकाळची गाडी चुकली की तास बुडतो, हिवाळ्यात परतायला अंधार होतो. हा सारा खर्च पसंतीच्या हिशेबात आधीच धरला पाहिजे. तो धरूनही जे महाविद्यालय पहिले वाटते ते पहिले लिहावे. खात्रीची नावे अवश्य असावीत, पण तळाशी. आणि जेथे मुलाला मुळी पाठवायचेच नाही, ते नाव यादीत नसावे.

सुशिक्षित पालकाला हे कोणीतरी सांगतो. जो बाप ऊसतोडीला गेला आहे, त्याच्या मुलाचा क्रम नेटकॅफेवाला ठरवतो, हे या पद्धतीचे खरे दुखणे आहे. माध्यमिक शाळांनी निकालानंतर एक संध्याकाळ यासाठी द्यावी. आदल्या वर्षी प्रत्येक महाविद्यालयात प्रवेश कोणत्या गुणांपर्यंत उतरला, याचा तक्ता फळ्यावर लावावा. वर्गशिक्षकाने अर्ज भरण्यापूर्वी प्रत्येक यादी एकदा वाचावी. त्याला खर्च काहीच नाही. गुण मिळवणे मुलाच्या हाती होते, ते त्याने केले. ते गुण भीतीपोटी वाया जाऊ न देणे हे आता मोठ्यांचे काम आहे.